धुपलेल्या जमिनीत शेणखतावर भाजीपाला

पावसाळ्यातील पहिला मोठा पाऊस पडून गेला की शेताच्या खालच्या बांधाजवळ जावे आणि ओघळीतून वाहणारे पाणी एका काचेच्या बाटलीत भरून ठेवावे. थोड्याच वेळात बाटलीच्या तळाशी जाड वाळू बसते, तिच्यावर बारीक रेती बसते. पाणी मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत गढूळच राहते. हे गढूळपण म्हणजे आपल्या जमिनीतील चिकणमाती आणि कुजलेला सेंद्रिय पदार्थ. हलके आणि बारीक तेवढे आधी वाहून जाते, जड आणि निकस तेवढे मागे राहते. म्हणून धूप नुसती माती नेत नाही, ती मातीतले सत्त्व निवडून नेते. शेतातून वाहून गेलेला गाळ हा मागे राहिलेल्या मातीपेक्षा नेहमीच अधिक सुपीक असतो. नाल्याकाठचे, तळातले शेत पिकते आणि माथ्याचे पिकत नाही, याचे कारण हेच.

पारनेर तालुका, संगमनेरचा पठार भाग, पुरंदर, माण, खटाव, सांगोला, आष्टी, पाटोदा या अवर्षणप्रवण पट्ट्यात अशी माथ्याची रानें घरोघरी आहेत. वीतभर मातीखाली मुरूम लागतो, काही ठिकाणी तेवढीही माती राहिलेली नाही. अशा रानात बाजरी, हुलगा, मटकी घेऊन वर्ष ढकलले जाते. विहिरीला किंवा शेततळ्याला थोडे पाणी असले की भाजीपाला करावा असे वाटते. मग घरचे असेल नसेल तेवढे शेणखत सगळ्या रानात विस्कटले जाते, पीक पिवळे पडते आणि "आमच्या जमिनीला खत मानवत नाही" असा निष्कर्ष निघतो. खत मानवत नाही असे नसते. ते पडते फार पातळ, आणि पडते ते पुढच्या पावसात बांधाबाहेर जाते. या दोन्ही गोष्टींवर उपाय घरच्या घरी करता येतो.

जमीन कितपत धुपली आहे?

याची परीक्षा करायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. जुन्या झाडांची मुळे उघडी पडलेली असतात. बांधावर पुरलेला हद्दीचा दगड पूर्वीपेक्षा उंच दिसू लागतो. वखर चालवताना पास मुरमावर खरखरते. नांगरटीत पांढऱ्या चुनखडीचे खडे वर येतात. उभ्या पिकात माथ्याकडचा भाग आधी कोमेजतो. यांपैकी दोन-तीन खुणा दिसल्या तर रान चांगलेच धुपले आहे असे समजावे. माती परीक्षण मात्र जरूर करून घ्यावे. सेंद्रिय कर्बाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली असले तर ते कमी समजले जाते, आणि अशा रानांत ते बहुधा त्याच्या खालीच असते.

सेंद्रिय कर्ब कमी झाला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. पावसाच्या थेंबाच्या माऱ्याने ढेकूळ फुटते, बारीक कण छिद्रांत बसून वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. म्हणजे धुपेमुळे कर्ब जातो आणि कर्ब गेल्यामुळे आणखी धूप होते. शेणखत येथे दोन कामे करते. एक म्हणजे पिकाला अन्न देते. दुसरे म्हणजे कणांना चिकटवून ढेकळाला बळ देते, पाणी मुरू देते आणि मुरलेले धरून ठेवते. भाजीपाल्याची मुळे उथळ असतात, चार दिवसांचा ताणही त्यांना सोसत नाही. म्हणून धुपलेल्या रानात खताचे हे दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. ते काम रासायनिक खताच्या पोत्याने होत नाही.

आधी पाणी अडवावे

उतारावर मोकळ्या रानात शेणखत टाकणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे. आपल्याकडे कोरडवाहू शेतीचे संशोधन मांजरी येथे १९२३ साली आणि सोलापूर येथे १९३३ साली सुरू झाले. मातीत ओल धरून ठेवणे हा त्या कामाचा गाभा होता. शेणखतालाही तोच नियम लागू आहे.

सगळ्या शेताची बांधबंदिस्ती एका वर्षात जमत नसेल तर ती राहू द्यावी. भाजीपाल्यासाठी दहा गुंठ्यांचा तुकडा निवडावा आणि तेवढाच आधी बंदिस्त करावा. वरच्या अंगाला एक चर काढून डोंगराचे किंवा शेजारच्या रानाचे पाणी बाजूला वळवावे. तुकड्यात आडवे बांध घालावेत. दगड भरपूर असतील तर दगडी बांध बरा, कारण त्यातून पाणी पाझरते आणि माती अडते. बांधावर मारवेल किंवा पवना गवत लावावे आणि अधूनमधून गिरिपुष्पाची छाटे रोवावीत. त्याचा पाला पुढे खताला उपयोगी पडतो. सऱ्या, ओळी, आळी जे काही काढाल ते उताराला आडवे काढावे. उताराच्या दिशेने काढलेली सरी ही पुढच्या वर्षीची ओघळ असते.

खताचा हिशेब

समजा आपल्याकडे दोन जनावरे आहेत. खड्ड्यात नीट साठवण केली तर एका मोठ्या जनावरामागे वर्षाला दहा बैलगाड्यांपर्यंत खत मिळू शकते. परंतु जनावरे दिवसभर चरायला जातात, काही शेणाच्या गोवऱ्या होतात, मूत्र गोठ्यात जिरून जाते. अनेक घरी त्याच्या निम्मेही हाती लागत नाही. आपण सात गाड्या धरू. एका गाडीत ५०० किलो खत धरले तर एकूण ३,५०० किलो होते.

हे खत एक एकरात विस्कटले तर एका चौरस फुटाला ८० ग्रॅम येते. म्हणजे एक मूठ. त्यातले निम्मे वाऱ्या-पावसाने गेले तर पिकाला पत्ताही लागत नाही.

तेच खत दहा गुंठ्यांत आळी करून द्यावे. दोन ओळींत १० फूट आणि दोन आळ्यांत ५ फूट अंतर ठेवले तर दहा गुंठ्यांत सुमारे २२० आळी बसतात. प्रत्येक आळ्याला १६ किलो, म्हणजे भरून दोन घमेली खत येते. आळे दोन फूट लांब-रुंद असेल तर तेथे चौरस फुटाला ४ किलो खत पडले. खत तेच, पण मुळाच्या जागी ते पन्नास पटींनी अधिक झाले. उरलेल्या तीस गुंठ्यांत यंदा बाजरी, हुलगा, मटकी जे घेत होता तेच घ्यावे. त्यांची पाळी पुढे येईल. सगळ्या रानाला सारखे वाटण्याचा मोह आवरणे हे या पद्धतीतले सर्वांत अवघड काम आहे, कारण उपाशी ठेवलेला तुकडा रोज डोळ्यांसमोर असतो.

खत कसे मुरवावे?

उकिरड्यावर उन्हात पडलेले शेण हे नावाला खत असते. जनावराने बाहेर टाकलेल्या नत्राचा मोठा वाटा मूत्रात असतो, शेणात नव्हे. तेव्हा गोठ्यात पालापाचोळा, तुसे, कडब्याचे उरलेले बुडखे अंथरावेत, मूत्र त्यात जिरू द्यावे आणि रोज सकाळी हे अंथरूण शेणासह खड्ड्यात टाकावे.

खड्डा २० फूट लांब, ५ ते ६ फूट रुंद आणि ३ फूट खोल असावा. याहून खोल केल्यास तळाशी हवा पोचत नाही. संपूर्ण खड्डा एकदम भरत न बसता एका टोकाकडून तीन-चार फुटांचा भाग भरत न्यावा. भराव जमिनीच्या वर दीड-दोन फूट आला की त्याला गोल आकार देऊन शेणमातीने लिंपावा आणि पुढचा भाग भरायला घ्यावा. भरताना थरांवर थोडे सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरले तर नत्र टिकायला मदत होते. लिंपलेला भाग चार ते पाच महिन्यांत तयार होतो. ज्यांच्याकडे शेण फारच कमी आणि काडीकचरा भरपूर आहे त्यांनी नाडेप पद्धतीचा विचार करावा. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात सुमारे १०० किलो शेणावर काडीकचरा कुजवला जातो. गोबरगॅस असेल त्यांनी मळी वाया घालवू नये. ती काडीकचऱ्यात जिरवून वापरावी.

खत तयार झाले की नाही हे वासावरून कळते. शेणाचा वास जाऊन ओल्या मातीचा वास येतो, रंग काळपट होतो, मुठीत दाबले तर भुसभुशीत लागते. ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर ऊब जाणवत नाही. तरीही शंका असेल तर एका कुंडीत निम्मे खत व निम्मी माती घेऊन मेथीचे दाणे पेरावेत. रोपे आठवडाभर हिरवी टवटवीत राहिली तर खत तयार आहे. पिवळी पडून माना टाकल्या तर ते आणखी महिनाभर राहू द्यावे. एवढीशी मेथी दहा गुंठ्यांचे नुकसान वाचवते.

कच्च्या खताचे तोटे सांगायला हवेत. ते जमिनीत कुजताना तापते, कोवळी मुळे जळतात. त्यातला काडीकचरा कुजवण्यासाठी जीवाणू मातीतलेच नत्र वापरतात आणि पीक पिवळे राहते. तणाचे बी जिवंत राहते. मुरमाड रानात वाळवी लागते. हुमणीचे भुंगेरेही अशा ठिकाणी आकर्षित होतात. खड्डा उपसताना पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर त्या वेचून नष्ट कराव्यात. त्या खतासोबत रानात जाऊ देऊ नयेत.

आणखी एक वाईट चाल आहे. चैत्रात खत रानात नेऊन त्याचे छोटे छोटे ढीग घालायचे आणि पाऊस येईपर्यंत ते उन्हात तसेच ठेवायचे. दीड-दोन महिन्यांच्या उन्हात त्यातला बराचसा नत्र वायुरूपाने उडून जातो. खत न्यावे त्याच दिवशी आळ्यात घालून मातीने झाकावे. तेवढे होत नसेल तर ते खड्ड्यातच राहिलेले बरे.

आळी भरणे

आळी चैत्र-वैशाखात खोदून उन्हात तापू द्यावीत. खोली दीड फूट असावी. वरची चार-सहा इंच माती एका बाजूला काढून ठेवावी, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला काढावा. तळ पहारीने फोडून सैल करावा, म्हणजे मुळांना वाट मिळते. निघालेला मुरूम आळ्यात परत घालू नये. त्याचा आळ्याच्या उताराकडील बाजूस चंद्रकोरीसारखा बांध घालावा. वरून आलेले पाणी या कोरीत अडून आळ्यात मुरते.

आळे भरायला माती कमी पडणारच. ती तळ्यातील गाळाने भरून काढावी. शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली सुरू झाल्यापासून अनेक गावांत गाळ शेतावर नेण्याचा प्रघात वाढला आहे. आपल्याच शिवारातून वाहून गेलेले सत्त्व या मार्गाने परत येते. पण नुसता गाळ घातला तर तो उन्हात भेगाळतो आणि पावसात चिकटतो. वरची माती, गाळ आणि दोन घमेली खत बाहेर एकजीव करावे, मगच आळ्यात भरावे. भरताना दोन इंच खोलगट ठेवावे.

ज्या रानात चुनखडीचे खडे दिसतात तेथे पाने पिवळी आणि शिरा हिरव्या अशी लक्षणे येतात. ही लोहाची कमतरता होय. अशा ठिकाणी दहा गुंठ्यांसाठी अडीच किलो हिराकस म्हणजे फेरस सल्फेट २५ ते ३० किलो ओलसर शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस सावलीत मुरवावे आणि आळ्यांत वाटून द्यावे. हिराकस तसाच चुनखडीच्या मातीत टाकला तर तो लवकरच पिकाला न मिळणाऱ्या रूपात जातो.

कोणती भाजी आधी, कोणती नंतर?

पहिल्या वर्षी दुधी भोपळा आणि लाल भोपळा यांना पसंती द्यावी. वेल एका आळ्यातून खातो आणि दहा फुटांवर पसरतो, त्यामुळे मधली नापीक जागा आपोआप झाकली जाते. पावसाच्या थेंबाचा मार पानांवर बसतो, मातीवर बसत नाही. पाऊस चांगला झाल्यावर प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टोकाव्यात, उगवणीनंतर दोन जोमदार वेल ठेवावेत. आळ्याभोवती वाळलेल्या गवताचे किंवा गिरिपुष्पाच्या पाल्याचे आच्छादन करावे. दोन ओळींमधल्या जागेत चवळी किंवा गवार घ्यावी. तिला खत फारसे लागत नाही आणि तिच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात.

शेणखतात सरासरी अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि अर्धा टक्का पालाश असते. १६ किलो खतातून आळ्याला ८० ग्रॅम नत्र मिळते, पण पहिल्या हंगामात पिकाच्या हाती त्याचा तिसरा हिस्साच लागतो. भोपळ्याला हेक्टरी १०० किलो नत्र धरले तर दहा गुंठ्यांना १० किलो हवे. खतातून साडेपाच किलोच्या आसपास मिळते. स्फुरद जवळजवळ भागते, पालाश पुरून उरते. राहिलेले नत्र वरून द्यावे लागते. वेल पसरू लागताना व फुलावर येताना प्रत्येक आळ्याला २० ग्रॅम युरिया खोडापासून वीतभर दूर, ओलीत द्यावा. ज्यांना युरिया द्यायचा नाही त्यांनी पेंडीचा वापर करावा. पण नुसत्या शेणखतावर पहिल्याच वर्षी भरघोस फळे येतील ही अपेक्षा धरू नये. शेणखताचे उरलेले दोन हिस्से हळूहळू, पुढच्या हंगामांतून मिळत राहतात.

दुसऱ्या वर्षी जुन्या दोन आळ्यांच्या मधोमध नवे आळे घ्यावे. आता ओळीत अडीच-अडीच फुटांवर सुधारलेल्या मातीची ठाणी झाली. तिसऱ्या वर्षी ती सरीने जोडावीत आणि खत त्या सरीत द्यावे. या पट्ट्यात वांगी, मिरची, टोमॅटो लावता येतात. मुळा, गाजर यांची घाई करू नये. खडकाळ किंवा नुकतेच खत घातलेल्या जमिनीत त्यांच्या मुळांना फाटे फुटतात आणि बाजारात तो माल कोणी घेत नाही.

लेंडीखत आणि कोंबडीखत

शेळ्या-मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंडीखतात सुमारे ३ टक्के नत्र असते, म्हणजे शेणखताच्या सहापट. धनगर बांधवांचा कळप शेतात बसवण्याची आपली चाल शास्त्राला धरून आहे, कारण लेंडीबरोबर मूत्रही थेट मातीत जाते. त्याचा पुरा फायदा घ्यायचा तर तीन गोष्टी पाहाव्यात. कळप तुकड्याच्या वरच्या अंगाला बसवावा, पावसाबरोबर सत्त्व खाली सरकतेच. जाळीची वाघर दोन-तीन रात्रींनी पुढे सरकवावी, एकाच जागी दहा रात्री ठेवू नये. कळप उठल्यावर त्याच सकाळी वखराची हलकी पाळी देऊन लेंडी झाकावी. लेंडी कठीण असते, कोरडी राहिली तर ती वर्षभर फुटत नाही. कळप वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आला असेल तर रानात तिची रोपे उगवतात. ती पहिल्या पावसातच उपटावीत, नंतर कुऱ्हाड लागते.

कोंबडीखत तेज असते. त्यात नत्र सुमारे ३ टक्के आणि स्फुरद अडीच टक्क्यांवर असते, नत्र लवकर मोकळे होते. त्यामुळे दोन घमेली शेणखताच्या जागी दोन घमेली कोंबडीखत घालणे हा रोपे जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आळ्याला अडीच किलो पुरे. पोल्ट्रीतून आणलेले खत ओलसर करून, पाला किंवा गाळ मिसळून, झाकून निदान दीड ते दोन महिने मुरू द्यावे. जास्त दिल्यास वेल माजतो आणि फळ धरत नाही. सिंचनाचे पाणी खारट असेल तर क्षारांचीही भर पडते. शिवाय कोंबडीखतात काडीचा भाग कमी असल्यामुळे माती बांधण्याचे काम त्याने शेणखताइतके होत नाही. शेणखत अपुरे असेल तेथे निम्मे शेणखत आणि उरलेल्या नत्रापुरते, म्हणजे आळ्याला सव्वा किलो कोंबडीखत असा मेळ घालावा.

कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्या

कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी, कांद्याची पात या भाज्या न शिजवता खाल्ल्या जातात. कच्च्या शेणात आणि कोंबडीखतात माणसाला आजारी पाडणारे जंतू व जंतांची अंडी असू शकतात. अशा भाज्यांना पूर्ण मुरलेलेच खत द्यावे. कच्चे खत चुकून पडले असेल किंवा कळप बसवला असेल तर त्या तारखेपासून काढणीपर्यंत निदान चार महिने जाऊ द्यावेत, तोपर्यंत त्या तुकड्यात शिजवून खाण्याची, जमिनीला न टेकणारी भाजी घ्यावी. उभ्या पालेभाजीवर शेणाची स्लरी वरून ओतू नये, ती मुळाशी द्यावी. काढलेली जुडी गोठ्याजवळच्या हौदात न धुता स्वच्छ पाण्यात धुवावी. खत हाताळताना हातापायाला जखम असेल तर ती झाकावी आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी.